उन्हात लावलेली जुनी होंडा दुपारी चालू होत नाही : मेन रिलेचा डाख आणि पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

सकाळी गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते. बारा वाजता ती उन्हात लावता, दोनला परत येता, सेल्फ मारता. इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही. बॅटरी चांगली, टाकीत पेट्रोल, दिवे लख्ख. दहा वेळा सेल्फ मारून होतो. मग चारही दारं उघडी टाकून सावलीत बसता, पंधरा-वीस मिनिटांनी सहज चावी फिरवता आणि गाडी काही झालंच नव्हतं अशी चालू होते. गॅरेजला नेली तर तिथल्या शेडच्या सावलीत ती एकदाही अडत नाही, त्यामुळे मिस्त्रीला दाखवायला हातात काहीच उरत नाही.

1990 च्या दशकातली सिव्हिक किंवा अकॉर्ड, किंवा आपल्याकडे 1998 ते 2003 या काळात विकली गेलेली पहिली सिटी तुमच्याकडे असेल आणि लक्षणं अशीच असतील, तर पंप, प्लग, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) यातलं काहीही विकत घेऊ नका. आधी एक डबी तपासायची आहे, आणि ती तपासायला एक पैसा लागत नाही.

आमची सिटी 2001 ची. बाबांनी नवी घेतली होती, आता मी सांभाळतो. पहिली सतरा वर्षं हा त्रास कधीच झाला नाही. मग एका एप्रिलात तुळजापूरहून सोलापूरला परतताना आम्ही रसवंतीवर थांबलो आणि गाडी तिथंच बसली. आई सोबत होती, ऊन मी म्हणत होतं, आणि तिला त्या पत्र्याच्या शेडखाली पाऊण तास बसवून ठेवावं लागलं. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर दोन महिन्यांत मी एका गॅरेजमध्ये पेट्रोल पंप बदलून घेतला, फिल्टर बदलला, प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. जून लागला, पाऊस आला, गाडी छान चालू लागली. मला वाटलं पंपच खराब होता. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. पावसाळा आणि थंडी हे या बिघाडाचं औषध नाही, त्याची झोप आहे, हे मला तेव्हा कळलं.

डबीत काय असतं

या गाड्यांच्या डॅशबोर्डखाली काड्यापेटीहून जरा मोठी एक प्लास्टिकची डबी असते. पीजीएम-एफआय मेन रिले हे तिचं पुस्तकी नाव, बोलताना सगळे मेन रिलेच म्हणतात. आत एका सर्किट बोर्डावर दोन रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकानं ओढले जाणारे स्विच, असतात. चावी ऑन केली की पहिला रिले ओढला जातो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना वीज मिळते. ईसीएम जागा झाला की तो दुसरा रिले ओढतो आणि टाकीतला पंप चालू होतो, पण साधारण 2 सेकंदच, लाइनमध्ये पेट्रोलचा दाब तयार होईपर्यंत. पुढे इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला तरच पंप पुन्हा सुरू होऊन चालू राहतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. अपघातात पाइप फुटला तर पंपानं पेट्रोल ओतत राहू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. खाली तिच्याकडे परत येतो.

रिलेच्या पिना बोर्डाच्या भोकांतून आरपार येतात आणि मागच्या बाजूला डाखानं जोडलेल्या असतात. पिन, डाख आणि बोर्ड ही तिन्ही उन्हानं सारखी फुगत नाहीत. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी डॅशबोर्डच्या आसपास 60 अंशांच्या पुढं तापमान जातं, रात्री ते 25-30 वर येतं. हे रोज, वर्षानुवर्षं. त्यात रिले दर वेळी टक् करून आपटतो आणि पिनेतून पंपाचा सगळा करंट वाहतो. शेवटी पिनेभोवतीच्या डाखाला केसासारखी गोल चीर पडते. गार असताना चिरेच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतात, वीज जाते. तापलं की कडा सुटतात, वीज थांबते. एवढाच सगळा खेळ आहे. सतरा-अठरा वर्षं उन्हात तापून मग चिरलेल्या डाखाला मी खराब माल म्हणणार नाही. त्याचं वय झालं.

याला जोडून आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. रिलेची कॉइल तांब्याच्या तारेची असते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्यानं वाढतो. म्हणजे 20 अंशांच्या जागी 70 अंश असतील तर रोध जवळजवळ 20 टक्के वाढला आणि कॉइलची ओढ कमी झाली. त्याच वेळी तुम्ही सेल्फ मारता, बॅटरीचं व्होल्टेज 12.6 वरून 10 च्या आसपास उतरतं. तापलेली कॉइल, उतरलेलं व्होल्टेज आणि चिरलेला डाख. म्हणून बॅटरी जराशी थकली की हा बिघाड जास्त वेळा डोकं वर काढतो, आणि नवी बॅटरी टाकल्यावर काही आठवडे गायब झाल्यासारखा वाटतो.

दोन सेकंद ऐका

गाडी रुसलेली असेल त्याच क्षणी ही तपासणी करायची. नंतर उपयोग नाही. एसीचा पंखा बंद, रेडिओ बंद, मोबाइल गप्प. कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा. चावी बंद करून दहा सेकंद थांबा आणि मग फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका.

निरोगी गाडीत तीन गोष्टी होतात. डॅशबोर्डखाली ‘टक्’. मागून, टाकीकडून ‘ऊंऽऽ’ असा बारीक गुणगुणण्याचा आवाज. दोन सेकंदांनी तो थांबतो आणि पुन्हा ‘टक्’. मीटरवर चेक इंजिनचा दिवाही याच वेळात पेटून विझतो. आपल्या गाडीचा हा आवाज ती ठणठणीत असताना चार-पाच वेळा ऐकून ठेवा. तो कानात बसला की अर्धं काम झालं.

आता रुसलेल्या गाडीत काय होतं ते बघा. चेक इंजिनचा दिवा मुळीच पेटला नाही, तर ईसीएमलाच वीज नाही: आधी फ्यूज बघा, मग रिलेचा पहिला भाग. दिवा पेटून विझला पण मागून पंपाचा आवाज नाही, तर रिलेचा दुसरा भाग किंवा पंप. दिवा विझतच नाही आणि पंपही मुका, तरी संशय रिले आणि ईसीएमच्या जोडणीवरच ठेवा. आणि दिवाही बरोबर, पंपही नीट गुणगुणला, तरी इंजिन पेटत नसेल तर रिलेला हात लावू नका. मग ठिणगी बघा. या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या आतली कॉइल आणि इग्नायटरही तापल्यावर दगा देतात, लक्षण अगदी असंच दिसतं. एक जादा प्लग वायरीला लावून त्याची बाहेरची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका. ठिणगी नसेल तर तुमचा रस्ता डिस्ट्रिब्युटरकडे जातो.

तिसरा संशयित चावीच्या मागचं इग्निशन स्विच. त्याची खूण वेगळी: गाडी चालता चालता एकदम बंद पडते, मीटरचे दिवे क्षणभर जातात, चावी जराशी हलवली की परत येतात. मेन रिले बहुधा चालत्या गाडीला दगा देत नाही, कारण तोवर केबिन एसीनं गार झालेली असते. तो थांबून तापलेल्या गाडीत अडवतो.

पंप की रिले, हे ठरवताना फसायला होतं. मीही फसलो. पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, चावी ऑन केली, 12 व्होल्ट दिसले. म्हणजे वीज येते, म्हणजे पंप गेला, असा सरळ हिशेब. पण मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे चिरलेल्या डाखाच्या टोकावर टेकलेल्या धाग्यातूनही तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. पंपाला काही अँपिअर लागतात, ते त्या धाग्यातून जात नाहीत. म्हणून इथं मीटर नको, बल्ब हवा. इंडिकेटरचा 21 वॉटचा जुना बल्ब दोन वायरी जोडून पंपाच्या कनेक्टरला लावा आणि चावी ऑन करा. दोन सेकंद लख्ख पेटला तर वीज खरंच पोचते आणि दोष पंपाचा. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर दोष अलीकडे आहे. हा बल्ब मी तेव्हा लावला असता तर नवा पंप घ्यावा लागला नसता. काम टाकीजवळ आहे, तेव्हा बल्ब पेट्रोलच्या वाफेपासून लांब धरा, आणि पंपाचं झाकण उघडू नका, कनेक्टरपर्यंतच जा.

डबी सापडवणे आणि ताप देऊन बघणे

डबीची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, पण बहुतेक गाड्यांत ती ड्रायव्हरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या पोटात वर कुठंतरी बोल्टनं लावलेली असते. शोधायची सोपी रीत अशी: एकानं चावी ऑन-ऑफ करत राहायचं, दुसऱ्यानं खाली उताणं पडून हात घालून एकेक डबी चाचपायची. चावी ऑन केल्यावर बोटाला टक् लागते आणि दोन सेकंदांनी पुन्हा लागते, तीच. दुसऱ्या कुठल्या रिलेला ती दुसरी टक् नसते.

आता केस वाळवायचा ड्रायर आणा. सकाळी गाडी गार असताना, डबी जागेवरच ठेवून तिच्यावर पाच-सात मिनिटं गरम हवा सोडा. ड्रायर एक वीत लांब धरा, प्लास्टिक वितळवायचं नाही, फक्त हाताला चटका बसेल इतकं तापवायचं. मग चावी ऑन करा. मी हे केलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि बरोबर दुपारी दोनची अवस्था समोर उभी राहिली: दिवा पेटला, विझला, मागून काहीच आवाज नाही. डबी गार होऊ दिली, आवाज परत आला. पुन्हा तापवली, पुन्हा मुकी. दीड वर्षं चकवणारा बिघाड हव्या त्या वेळी बोलावता आला, याचा आनंद मला दुरुस्तीपेक्षाही जास्त झाला.

डाख कसा द्यायचा

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. डबीचा बोल्ट दहाच्या पान्यानं सुटतो. कनेक्टरची क्लिप दाबूनच ओढा, वायरी धरून ओढू नका, इतक्या वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. डबी घरात टेबलावर न्या. गाडीत बसून सोल्डरिंग करायचं नाही.

झाकण कडेच्या खाचांमध्ये अडकलेलं असतं. बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून एकेक खाच हळू सोडवली की बोर्ड बाहेर सरकतो. मागची बाजू वर करून चांगल्या उजेडात भिंगातून बघा. चांगला सांधा पिनेभोवती चकचकीत, कडेला निमुळता, छोट्या डोंगरासारखा दिसतो. चिरलेल्या सांध्यात पिनेभोवती एक काळी बारीक रिंग दिसते, जणू कुणी पेन्सिलीनं वर्तुळ काढलंय. नखानं पिन जराशी हलवली तर कधी कधी ती रिंगेच्या आत हलतानाही दिसते. माझ्या बोर्डावर अशा तीन रिंगा होत्या, आणि सर्वांत ठळक रिंग पंपाच्या वाटेवरच्या जाड पिनेला होती.

सोल्डरिंग आयर्न 40 ते 60 वॉटचं घ्या. रेडिओ दुरुस्तीचं 25 वॉटचं या जाड पिनांना पुरत नाही, पिन उष्णता शोषून घेते आणि डाख वरवर बसतो. सोल्डर 60/40 चा (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), आत रोझिन म्हणजे राळ असलेला. तो 183 अंशांच्या वर वितळू लागतो आणि जुन्या बोर्डावरच्या डाखाशी नीट मिसळतो. नवसागर किंवा भांड्यांना, नळांना डाख देताना वापरतात ते आम्लाचं फ्लक्स इथं अजिबात वापरू नका. ते मागं राहून तांबं खातं आणि वर्षभरात बोर्ड हिरवा पडतो.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना: जुना डाख आधी पूर्ण काढा. चिरेवर नुसतं आयर्न टेकवून ‘परत वितळवलं’ की काम झालं असं वाटतं, पण जुन्या डाखात गंज आणि राख असते, ती तिथंच राहते आणि चीर त्याच जागी परत पडते. सकर पंपानं, म्हणजे वितळलेला डाख ओढायच्या पिचकारीनं, जुना डाख ओढून घ्या, पिन आणि तिच्याभोवतीची बोर्डावरची तांब्याची चकती दोन्ही स्वच्छ दिसली पाहिजेत. मग आयर्नचं टोक पिन आणि चकती या दोघांना एकदम टेकवा, दोन-तीन सेकंद थांबा, आणि सोल्डरची तार आयर्नला न लावता सांध्याला लावा. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर आपणहून पिनेभोवती धावतो. आधी तार काढा, मग आयर्न. गोठेपर्यंत बोर्ड हलवू नका, हलला तर सांधा राखाडी, खडबडीत होतो आणि तो पुन्हा करावा लागतो. पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवलं तर चकती बोर्डापासून सुटू शकते, तेव्हा जमलं नाही तर गार होऊ द्या आणि मग परत करा.

आणि सगळे सांधे करा. चिरलेले तीनच नाहीत. दोन्ही रिलेंच्या सगळ्या पिना आणि कनेक्टरच्या सगळ्या पिना. उरलेले त्याच वयाचे आहेत, त्याच उन्हात होते. सगळं मिळून अर्धा तास जादा जातो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं बोर्ड साफ करा, शेजारच्या दोन सांध्यांत सोल्डरचा पूल झाला नाही ना ते भिंगातून बघा. या सोल्डरमध्ये शिसं असतं: खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा, हात साबणानं धुवा.

बसवायच्या आधी रिलेच्या आतले पॉइंटही, म्हणजे टक् करून एकमेकांना टेकणारी टोकं, बघून घ्या. थोडे काळसर असतील तर चालतं. खड्डे पडून जळालेले असतील तर पॉलिश पेपरनं घासत बसू नका, त्या डबीचं आयुष्य संपलंय, नवी घ्या. भंगारातल्या गाडीची घेतली तरी तिचेही सगळे सांधे आधी नवे करूनच लावा.

दुरुस्ती करूनही परत येत असेल तर

माझ्याकडे पहिल्या दुरुस्तीनंतर आठ महिन्यांनी एकदा परत आलं. सांधे उत्तम होते. दोष कनेक्टरमध्ये निघाला. चीर पडलेल्या काळात तिथं उष्णता झाली होती आणि कनेक्टरमधल्या एका पितळी खोबणीची पकड सैल पडली होती, तिच्याभोवतीचं प्लास्टिक जरासं तपकिरी झालं होतं. बारीक सुईनं खोबण आवळली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, तेव्हापासून गप्प आहे. तुमच्याकडे प्लास्टिक वितळलेलं असेल तर ती खोबण वायरमनकडून बदलूनच घ्या.

कनेक्टर चांगला असेल तर अर्थ बघा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या सोडून, पॉलिश पेपरनं घासून, घट्ट बसवा. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघा. ते 9.6 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टोकं, मग बाकीचं.

रस्त्यात अडलात तर: दारं उघडा, गाडीचं तोंड शक्य असेल तर सावलीकडे करा, पाण्याची गार बाटली कोरड्या कापडात गुंडाळून डबीला लावून पाच-दहा मिनिटं धरा. मग चावी ऑन करून आवाज ऐका. आवाज आला तरच सेल्फ मारा, नाही तर उगाच बॅटरी उतरते. डबीवर बोटानं टिचकी मारल्यानंही कधी काम होतं. काही जण पंपाला बॅटरीवरून थेट वायर जोडून कायमचा उपाय करतात. तसं कधीच करू नका. इंजिन थांबल्यावर पंप थांबवणारी जी सोय वर सांगितली, ती यात मरते, आणि अपघातात ती नसणं म्हणजे गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहणं.

गेल्या उन्हाळ्यात टेक्सासला शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. त्यानं 1997 ची सिव्हिक घेतली होती आणि ती दुपारी ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये अडली होती. त्याला म्हटलं, फोन मागच्या सीटवर ठेव, स्पीकर चालू कर आणि फक्त चावी ऑन कर. इकडे रात्री मी कान लावून बसलो. टक् ऐकू आली, त्यामागून काहीच नाही. पुढचं त्यानं स्वतः केलं, पहिल्याच प्रयत्नात, आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन. बोर्डाचा फोटो पाठवला होता: दोन रिंगा, अगदी माझ्यासारख्याच जागी.

डबी बंद करण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहून ठेवा. माझ्या डबीत दोन तारखा आहेत, सोल्डरिंगची आणि कनेक्टर आवळल्याची. पुढच्या वेळी ती डबी उघडणाऱ्याला, मग तो मी असो की ही गाडी माझ्यानंतर घेणारा, तिथूनच सुरुवात करता येईल.